मास्तरांची रेघ

"तू फक्त खरं सांग," केळसकर मास्तर म्हणाले. "त्याच्यापुढे एक शब्द नको. तुला खोटं बोलायला मी कधी सांगणार नाही, जयवंती."

मी तेव्हा माळ्यावर एका दीड फुटी मूर्तीच्या वरच्या पापणीची रेघ ओढत होते. ती एका दमात ओढायची असते, मध्ये हात उचलला की डोळा मेला. मी श्वास धरून ती पुरी केली, ब्रश पुसून ठेवला आणि मग त्यांच्याकडे वळले.

"काय सांगायचं, मास्तर?"

"तेरा वर्षं तू माझ्याकडे आहेस. तेरा वर्षांत माझं वागणं तुझ्याशी कसं होतं, एवढंच."

गणपतीला सात आठवडे उरले होते. खाली सहाशेवर मूर्ती रंगून तयार होत्या आणि सगळ्या आंधळ्या होत्या. आमच्याकडे डोळे शेवटी होतात. त्याला आखणी म्हणतात. पेणच्या आसपास कारखाने पुष्कळ, पण केळसकरांच्या गणपतीचे डोळे लांबून ओळखू यायचे. खालची पापणी किंचित भरलेली, जणू आत्ताच कुणाचं तरी गाऱ्हाणं ऐकून घेतलंय. ती रेघ मास्तरांनी बसवलेली होती. त्यांची बोटं थरथरायला लागल्यावर ती ओढणारी मी एकटी होते.

मी पंधरा वर्षांची असताना ते स्वतः आमच्या घरी आले होते. माझा डावा पाय लहानपणच्या तापाने बारीक झालेला. शेतावर जाता येत नव्हतं, शाळा लांब पडायची. मास्तर ओसरीवर बसले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "गणपतराव, तुमच्या लेकीला माझ्या कारखान्यात पाठवा. शाळेच्या भिंतीवर हिने मोर काढलाय तो मी पाहिला. हिच्या हातात रेघ आहे." ही गोष्ट ते पुढे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. मुंबईचे मोठे व्यापारी आले की मला हाक मारून समोर उभी करायचे आणि म्हणायचे, "एका नजरेत ओळखलं मी हिला." ते ऐकताना दरवेळी मला माझ्या पायाचा विसर पडायचा.

तर त्या दिवशी ते मला पंचायतीत साक्ष द्यायला बोलावत होते ते ललितामुळे.

ललिता पाटील एकोणीस वर्षांची. तिचे वडील मिठागरावर कामाला. ती आमच्याकडे दोन वर्षं अंगरंग भरायची. चार दिवसांपूर्वी भर दुपारी ती माळ्यावरून खाली आली आणि कुणाशी न बोलता, अनवाणीच घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिची आई महिला मंडळाच्या सरोजताईंकडे गेली. आखणी शिकवतो म्हणून मास्तरांनी पोरीला माळ्यावर बोलावलं, आतून कडी लावली आणि तिच्या अंगाशी झोंबले, असं तिने सांगितलं.

माझा विश्वास बसला नाही. त्या माळ्यावर मी मास्तरांबरोबर तासन्‌तास बसले होते. दार लोटलेलं, खाली कुणी नाही, असंही कितीदा झालं होतं. ब्रश कसा धरायचा हे दाखवतानाही ते स्वतःच्या हातात दुसरा ब्रश धरून दाखवायचे.

पंचायतीच्या खोलीत वीसेक माणसं होती, त्यातली निम्मी कारखान्यातली. सरपंच बाळारामकाका म्हात्रे टेबलामागे बसले होते. मास्तर एका बाजूला, हात जोडून, खाली मान घालून. समोर भिंतीला टेकून ललिता आणि तिची आई जमिनीवर बसलेल्या. त्यांना कुणी खुर्ची दिली नव्हती, आणि मला मात्र पायामुळे लगेच दिली.

"बोल जयवंती," सरोजताई म्हणाल्या. "तुझा अनुभव काय?"

मी उभी राहिले. "मी पंधरा वर्षांची असल्यापासून मास्तरांकडे आहे. त्यांनी मला कधी बोट लावलं नाही. कधी वाईट शब्द नाही, वाईट नजर नाही. मला त्यांनी लेकीसारखं वागवलं."

खोलीतली माणसं मोकळी झाल्यासारखी हलली. कुणीतरी "ऐका" असं पुटपुटलं.

ललिताने मान वर केली. "जयूताई, त्या दिवशी तू माळ्यावर होतीस का?"

"नव्हते. मी खाली होते."

"मग तू कशाची साक्ष देतेस?"

ती उद्धटपणे बोलली नव्हती, खरोखरच विचारत होती. मला मात्र राग आला. सगळ्यांच्या देखत तिने मला खोटं पाडलं असं वाटलं. मी म्हणाले, "मी माणसाची साक्ष देते. ललिताचा काहीतरी गैरसमज झाला असेल."

"माझी पोर येडी हाय का?" तिची आई म्हणाली. "गैरसमज व्हायला ती काय कुक्कुलं बाळ हाय?"

पण गैरसमज हा शब्द खोलीला आवडला होता. बाळारामकाकांनी तो लगेच उचलला. म्हणाले, गैरसमज कुणाचाही होतो. सीझनचे दिवस आहेत, साठ घरांची चूल या कारखान्यावर पेटते, दोन्हीकडची अब्रू राहील असं आपण मिटवू. सरोजताई काही बोलल्या नाहीत. मास्तर उठले, ललिताच्या आईपुढे वाकून म्हणाले, "माझं काही चुकलं असं पोरीला वाटलं असेल तर मी माफी मागतो." त्यावर लोक हळहळले. एवढा मोठा कलावंत, आणि किती नम्र.

ललिता जाताना माझ्याजवळून गेली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर दोन दिवस मी मन लावून काम केलं. मास्तर रंग आणायला मुंबईला गेले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी मला चहाला आत बोलावलं. काकू म्हणजे मास्तरांची बायको, इंदिराकाकू. बाई फार कमी बोलायच्या. कारखान्यात तर फिरकायच्याही नाहीत. मोड आलेल्या वालांचं पातेलं पुढ्यात घेऊन त्या सोलत बसल्या होत्या. मीही बसले आणि सोलायला लागले.

"त्या पोरीच्या चपला जिन्याखाली पडल्यात," त्या म्हणाल्या. "नेऊन देशील?"

"ती येईल की काकू, राग उतरला की. मिटलंय आता सगळं."

काकूंनी दोन-तीन वाल सोलले. मग खाली बघतच म्हणाल्या, "तिचा गैरसमज झालेला नाही, जया."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"तुम्ही काही पाहिलंत का?"

"पाहायला कशाला लागतं? एकतीस वर्षं मी या घरात आहे. पहिली एक वडखळची होती, सुमन. दुसरी माझ्याच माहेरच्या नात्यातली, तिचं नाव मी घेणार नाही. तिच्या वेळी फार बोभाटा झाला. माझा भाऊ येऊन तिच्या बापाच्या पाया पडला, तेव्हा ते थांबलं. आणि त्यानंतरच्याच जूनमध्ये हे तुमच्या घरी आले."

"ते माझं चित्र बघून आले होते," मी म्हणाले. "शाळेच्या भिंतीवरचा मोर."

काकूंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझी दया येत होती आणि तरीही त्यांना थांबायचं नव्हतं.

"शाळेच्या भिंतीवर मोर होता हे त्यांना तुझ्या वडिलांनी सांगितलं, त्या दिवशी, ओसरीवर. मी बरोबर होते, विसरलीस का? आदल्या दिवशी जेवताना मला म्हणाले, गणपत घरतच्या पोरीला आणू. पायाने अधू आहे, कुठे जायची नाही. बापाच्या शब्दाला गावात मान आहे. तिला घरच्यासारखी ठेवायची, तिच्या केसाला धक्का लावायचा नाही. उद्या कुणी तोंड उघडलं तर ही एक पोर उभी राहिली तरी पुरे."

चूल विझलेली होती आणि तिच्यावरचा चहा थंड झाला होता. मला विचारायचं होतं ते भलतंच होतं, आणि तेच तोंडातून निघालं.

"आणि माझा हात?"

"हात नंतर निघाला," काकू म्हणाल्या. "त्यांनाही नवल वाटलं होतं."

मी पुष्कळ वेळ तिथे बसून होते. वाल सोलणं थांबवलं नव्हतं, हे नंतर लक्षात आलं. पातेलं रिकामं झालं होतं.

"काकू, तुम्ही पंचायतीत का आला नाहीत?"

"मला कुणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर काय बोलले असते, ते मलाही सांगता येणार नाही."

मी चपला पिशवीत घातल्या आणि ललिताकडे न जाता आधी बाळारामकाकांकडे गेले. मला वाटत होतं की तिच्या दारात जाण्याआधी काहीतरी मागे घ्यायला हवं. काका अंगणात जाळं विणत बसले होते.

"काका, पंचायतीतली माझी साक्ष मला मागे घ्यायची आहे."

"का? खोटं बोललीस तू?"

"नाही."

"त्यांनी तुला कधी हात लावला होता?"

"नाही."

"मग मागे काय घेणार?" त्यांनी जाळ्याची गाठ आवळली. "तुला कुणी काही सांगितलं असेल. कोणी, ते मी विचारत नाही. ज्याने सांगितलं त्याला समोर आण, मी परत बसवतो पंचायत."

काकूंचं नाव घेणं माझ्या जिवावर आलं. त्या बाईला त्याच घरात राहायचं होतं. मी तशीच परत फिरले. मी जे सांगितलं होतं त्यातलं अक्षर न्‌ अक्षर खरं होतं, आणि खऱ्याला मागे घ्यायची सोय नव्हती.

मास्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. माझ्यासाठी त्यांनी मुंबईहून नवे ब्रश आणले होते, बारीक केसांचे, मऊ. ते माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "तुझ्या हाताला शोभतील."

मी ब्रशांना हात लावला नाही.

"मास्तर, तुम्ही आमच्या घरी आलात तेव्हा माझं चित्र पाहिलं होतंत?"

"हा काय प्रश्न? मोर..."

"शाळेच्या कुठल्या भिंतीवर होता?"

मास्तर बोलण्यात कधी अडखळायचे नाहीत, त्या वेळी अडखळले. त्यांनी दाराकडे, मग घराच्या बाजूला पाहिलं, आणि मला कोणी सांगितलं ते त्यांना समजलं. त्यांचा चेहरा बदलला नाही. फक्त आवाजातला गोडवा गेला.

"तुझं मी काही वाईट केलं का? पोटापाण्याला लावलं, नाव दिलं. गावात तुला लंगडी म्हणायचे, आता आखणीवाली म्हणतात. हे सगळं खोटं आहे?"

"खोटं नाही."

"मग?"

"ललिताला आखणी शिकायची होती."

"ललिताचं तू मला सांगू नकोस." ते उठून माझ्यासमोरच्या मूर्तीजवळ गेले. तिचा एक डोळा झाला होता, एक व्हायचा होता. "हे बघ. माणूस गणपती घरी नेतो तेव्हा डोळे बघून नेतो, जयवंती. केळसकर कसा आहे हे बघून नेत नाही. मी उद्या मेलो तरी हे डोळे लोक घरात बसवतील, त्यांच्यापुढे हात जोडतील. ते खोटं होणार आहे का?"

आजही त्यांना द्यायला माझ्याकडे सरळ उत्तर नाही.

मी पिशवी उचलली. ते मागून म्हणाले, "कुठे जाशील? जिथे बसशील तिथे माझीच रेघ उमटणार. तो हात माझा आहे."

सहाशे मूर्ती तशाच टाकून मी कारखान्याची पायरी उतरले. ब्रश तिथेच राहिले, माझे जुनेही.

ललिताचं घर मिठागराच्या वाटेवर, बांधाला लागून होतं. पायामुळे मला तिथे पोचायला पाऊण तास लागला. ती दारातच कपड्यांची घडी घालून पत्र्याच्या पेटीत भरत होती. तिची आई मला बघून आत निघून गेली.

मी चपला तिच्यापुढे ठेवल्या. तिने त्या बघितल्या आणि पेटीत कपडे भरत राहिली.

"कुठे निघालीस?"

"उरणला. मामाकडे."

"ललिता, मला कळलं. तू सांगत होतीस ते खरं होतं."

"ते मला माहीत होतं," ती म्हणाली.

"मीही खोटं बोलले नव्हते गं. त्यांनी मला खरंच कधी..."

"तुझं खरं होतं, जयूताई. माझंपण खरं होतं. त्या खोलीत दोघींना जागा नव्हती." ती एक साडी घेऊन थांबली. "पण गैरसमज हा शब्द तुझा होता. तो तुला मास्तरांनी शिकवलेला नव्हता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तू तो शब्द बोललीस तेव्हा त्यांनासुद्धा बरं वाटलं."

"हो," मी म्हणाले. "तो माझा होता."

ती माझ्यावर ओरडली असती, रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती साडीची घडी घालत होती आणि घडी नीट बसत नव्हती म्हणून पुन्हा उलगडत होती.

"मला डोळे काढायचे होते," थोड्या वेळाने ती म्हणाली. "पहिल्या वर्षापासून. तुझ्या मागे उभी राहून बघायचे मी. तुला किती वेळा म्हटलं, ताई, मला शिकव. तू काय म्हणायचीस, आठवतं?"

मला आठवत होतं. ती बोलायच्या आधीच आठवलं होतं.

"तू म्हणायचीस, मास्तरांना विचार. म्हणून विचारलं. ते म्हणाले, ये दुपारी माळ्यावर."

घरात तिची आई भांडी आपटत होती. मी उंबऱ्याला धरून उभी होते, कारण बस असं कुणी म्हणालं नव्हतं. तेरा वर्षं मी ती रेघ कुणाला दिली नव्हती. मास्तरांनी बजावलं म्हणून नव्हे. ती माझ्याशिवाय कुणाला येऊ नये असं मला वाटायचं म्हणून.

"मी आता शिकवते तुला," मी म्हणाले. "मी कारखाना सोडला. परत जाणार नाही. तू उरणला नको जाऊस. आमच्या ओसरीवर ये, दोघी मिळून सुरू करू. वर्षभरात तुझा हात बसेल."

ललिताचे हात थांबले. मला दिसलं की तिला हवं होतं. डोळ्यांत क्षणभर ते आलं आणि मला वाटलं, जमलं.

"रेघ कोणाची शिकवशील?" तिने विचारलं.

मी खाली चपलांकडे पाहिलं.

"त्यांचीच ना?"

"हो."

"दुसरी येते तुला?"

"नाही," मी म्हणाले. "दुसरी नाही येत."

तिने पेटीचं झाकण लावलं. कडी बसत नव्हती, तिने गुडघा टेकून ती बसवली.

"मग नको," ती म्हणाली.

त्या वर्षी केळसकरांच्या गणपतींचे डोळे बाहेरगावच्या माणसांनी येऊन काढले. मूर्ती सगळ्या विकल्या गेल्या. मी दोन वर्षं ब्रश धरला नाही, अंगणवाडीत पोरांची खिचडी रांधत होते. मग वडील गेले, धाकट्या भावाचं शिक्षण अर्धं होतं, आणि मी खाडीपलीकडच्या एका कारखान्यात बसले. पहिला डोळा झाला तसा तिथला मालक म्हणाला, "केळसकरांचा हात दिसतो." मी हो म्हणाले.

दुसरी रेघ ओढायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. भुवई उचलून पाहिली, पापणी ताणून पाहिली. तसे डोळे कोरडे व्हायचे, आणि मालक म्हणायचा, बाई, तुमची नेहमीची काढा.

मास्तर जाऊन सोळा वर्षं झाली. गावाने शाळेत त्यांचा फोटो लावलाय. काकू त्यांच्या आधीच गेल्या, म्हणून मला आता त्यांचं नाव घेता येतं. माझ्याकडे दरवर्षी दोन-चार मुली शिकायला येतात. ब्रश हातात देण्याआधी मी त्यांना बसवून सगळं सांगते: ही रेघ कोणाची, तो माणूस कसा होता, मी पंचायतीत उभी राहून काय बोलले आणि ललिताला काय सांगायचे. गावात काहींना ते खटकतं. गेलेल्या माणसाचं कशाला उकरतेस, म्हणतात. मुली ऐकून घेतात. बहुतेक जणी शिकायला बसतात. एक मात्र ऐकून उठली आणि परत आली नाही. मी तिच्या घरी समजूत घालायला गेले नाही.

ललिता उरणलाच असते. नवरा बंदरावर नोकरीला आहे, एक मुलगी कॉलेजात आहे. तिच्या घरी दीड दिवसाचा गणपती येतो, असं तिची आई एकदा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली. कुठल्या कारखान्यातून आणतात, हे ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही.